कड्यातल्या घरी डिझेल

मेसा वेर्दे
११ मे २००९

मामा,

फोनवर आपलं काय बोलणं झालं ते मला अजून समजलेलं नाही. मी विचारलं, गुडघा कसा आहे. तू म्हणालास, अजून पेरलेला नाही. मी विचारलं, माझं काही चुकलं का. तू म्हणालास, हो, वारा फार आहे. आणि फोन ठेवून दिलास. म्हणून आता पत्र लिहितेय. पत्र मधेच ठेवून देता येत नाही.

आई जाऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षांत तू माझ्याशी एकदाही नीट बोलला नाहीस. तुला माझी ही नोकरी आवडत नाही, असं मी धरून चालले आहे. आपल्या जुन्या माणसांची घरं, आणि तुझ्या बहिणीची, व्हर्नाची मुलगी रेंजरची टोपी घालून ती परक्यांना दाखवते. तसं असेल तर सरळ सांग. आपल्यात भाच्यांना मामानं रागवायचं असतं, ते मला ठाऊक आहे. रागवलास तर मी ऐकून घेईन. गप्प बसलास की काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

माझा इथला हा तिसरा उन्हाळा. रोज कुणीतरी विचारतं, ही माणसं कड्यातली घरं सोडून गेली कुठे? मी सांगते, कुठे जातील, माझ्या मामाकडे गेली. सेकंड मेसाला त्याचं मक्याचं शेत आहे. लोक हसतात. त्यांना वाटतं मी गंमत करतेय.

एकदा ये ना. पेरणी झाली की ये. माझ्या खोलीत दुसरी खाट आहे.

डार्लीन

*

सेकंड मेसा
२४ मे

पोरी,

गुडघा ठीक आहे. पेरणी चालू आहे, वारा खरंच फार आहे. या तीन गोष्टींत मी खोटं काय बोललो?

फोन ही वस्तू मला पटत नाही. त्यात माणूस लहान होऊन बोलतं. पत्र बरं, दोनदा वाचता येतं. तुझं मी चारदा वाचलं, कारण तुझं अक्षर तुझ्या आईसारखंच कोंबडीचे पाय आहे.

नोकरीबद्दल मी कधी काही म्हणालो नाही. मी काही म्हणालो नाही म्हणजे मी काहीतरी म्हणालो, हा हिशोब तू कुठे शिकलीस?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो. डिझेलला घेऊन येईन. तू तिला पाहिलेलं नाहीस. व्हर्ना गेली त्या साली हिवाळ्याच्या तोंडावर ती पेट्रोल पंपावर डिझेलच्या नळीखाली झोपली होती. मी ट्रकचं दार उघडलं आणि ती माझ्याआधी आत जाऊन बसली. पिवळट आहे, शेपूट अर्धी आहे, ट्रकच्या चाकाखाली गेली असावी. ती माझ्याबरोबर सगळीकडे येते. पोस्टातही येते. पोस्टातली बाई आधी मला नाही, तिला विचारते, आज काय पाठवायचंय.

तर आम्ही दोघं येतो.

मर्विन मामा

*

मेसा वेर्दे
२ जून

मामा,

तू येतोयस हे वाचून मी खोलीत एकटीच नाचले. मग डिझेलचं वाचून बसले.

इथे कुत्र्यांचा नियम आहे. गाड्या लावतात तिथे आणि डांबरी रस्त्यावर चालतं, तेही दोरी बांधून. खाली घरांकडे जाणाऱ्या वाटेवर कुत्रं नेता येत नाही. नियम मी केलेला नाही, पण माझ्या छातीवर बिल्ला आहे आणि तो मलाच पाळावा लागतो. मागच्या वर्षी एका कुत्र्यानं आठशे वर्षांच्या भिंतीवर पाय वर केला. कुणाच्या पूर्वजांची भिंत होती ती? आपल्याच.

तिला शेजारी ठेव ना. नाहीतर इथे जॉइस आहे, माझ्याबरोबर काम करते, ती तासभर सांभाळेल. तासाभराचा तर प्रश्न.

डार्लीन

*

सेकंड मेसा
१३ जून

पोरी,

त्या माणसांच्या घरात कुत्री होतीच. कुत्र्याच्या केसांचे पट्टे विणायचे ते, तुमच्याकडे काचेच्या पेटीत ठेवलेत की नाही? म्हणजे कुत्र्याचे केस आत चालतात, कुत्रं चालत नाही. केसांना आत सोडणारा आणि कुत्र्याला अडवणारा जो कोण साहेब असेल त्याला माझा नमस्कार सांग.

शेजारी ठेवणार नाही. जॉइस चांगली असेल, तिच्याकडेही नाही. आम्ही वरूनच बघू. माझे डोळे चांगले आहेत.

सोबत मक्याची कागदासारखी पातळ भाकरी, पिकी, आणतो. तुझ्या मावशीनं केली आहे. ट्रकमध्ये अर्धी मोडेल, मोडलेली गोड लागते.

मर्विन मामा

*

मेसा वेर्दे
१० जुलै

मामा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन फाडली.

आधी माफी मागते. तू साडेचार तास ट्रक चालवून आलास, आणि मी गाड्यांच्या मधोमध उभी राहून तुला म्हणाले की तुला खाली यायचंच नाहीये, कुत्रीचं निमित्त आहे. जॉइस तिथेच होती. तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. शेवटी म्हणालास, "इथून छान दिसतं." आणि डिझेलला घेऊन कठड्याकडे निघून गेलास.

मी रागानं आत गेले. पंधरा मिनिटांनी पाण्याची बाटली घेऊन परत आले. त्यानंतरचं तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते.

तू कठडा सोडून रस्त्याच्या कडेला उभा होतास, माझ्याकडे पाठ होती. मी दहा पावलांवरून हाक मारली. तीनदा मारली. मला वाटलं, मुद्दाम वळत नाहीये. तेवढ्यात सहलीची मोठी बस मागे यायला लागली. ती मागे येताना किती कर्कश वाजते ते मला रोज ऐकावं लागतं. सगळे बाजूला झाले. तू हललाही नाहीस. मी धावले, पण माझ्याआधी डिझेल तुझ्यापुढे आली, आणि तिनं डोकं तुझ्या गुडघ्याला लावून तुला ढकललं. तू मागे वळून पाहिलंही नाहीस. नुसता दोन पावलं बाजूला झालास, कुणी रोज हाताला धरून बाजूला घेतं तसा. बस गेली. तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास.

मग मी एक गोष्ट केली, तिची मला लाज वाटते. तुझ्यामागे येऊन उभी राहिले आणि किल्ल्यांचा जुडगा डांबरावर टाकला. सतरा किल्ल्या आहेत त्यात. पलीकडचं बाळ दचकून रडायला लागलं. तू कड्याकडे बघत होतास. डिझेलनं किल्ल्या पाहिल्या, मला पाहिलं, आणि नाक तुझ्या तळहाताला लावलं. तेव्हा तू वळलास आणि हसून म्हणालास, "आलीस?"

त्या दिवशी मी काही बोलले नाही. तू जेवलास, दुसऱ्या खाटेवर झोपलास, सकाळी निघालास. तुझा ट्रक दिसेनासा होईपर्यंत मी उभी होते. तेव्हापासून फोनवरचं तुझं एकेक उत्तर आठवून बघतेय.

मामा, कधीपासून?

आणि आणखी एक. हे तोंडानं मला विचारता येणार नाही. आईला पोचवून आल्यावर चौथ्या दिवशी तू स्वयंपाकघरात मका सोलत बसला होतास, दाराकडे पाठ करून. मी दारात उभी होते. मी तुला विचारलं होतं, "मामा, मी इथेच राहू का?" तू सोलत राहिलास. मी थोडा वेळ थांबले. मग बॅग भरली.

तू ते ऐकलं होतंस का?

डार्लीन

*

सेकंड मेसा
२५ जुलै

डार्लीन,

नाही.

तू मला असं काही विचारलंस, हे मला काल तुझ्या पत्रातून कळलं. मी शेतात वाचत होतो. वाचून झाल्यावर पुढचं काही काम झालं नाही. घरी येताना कुदळ तिथेच राहिली.

मला त्या दिवसाचं असं आठवतं. मी मका सोलत होतो, मागे वळलो तर तू बॅग घेऊन उभी. मी मनात म्हटलं, हिचं ठरलंय, हिला थांबवू नये, तिकडे तिची नोकरी आहे. तू गेलीस. मी सगळ्यांना सांगितलं, डार्लीनला जायची घाई होती. दोन वर्षं तेच सांगतोय. तुझ्या मावशीला आज जाऊन खरं सांगितलं. ती मला बहिरा गाढव म्हणाली. हे मात्र मी तिच्या ओठांवरून वाचलं.

तेव्हा ऐकलं असतं तर काय म्हणालो असतो? राहा म्हणालो असतो. घर फार रिकामं होतं. आणि तू राहिली असतीस, चुलीशी बसली असतीस, आणि आज त्या कड्यापाशी आपलं माणूस म्हणून कुणीच नसतं. तेव्हा चांगलं काय झालं असतं ते मला सांगता येत नाही. पण तू विचारलंस आणि मी गप्प राहिलो असं समजून तू दोन वर्षं काढलीस, ते काही चांगलं नाही झालं.

आता कधीपासून ते. तरुणपणी बावीस वर्षं रेल्वेच्या रुळांवर घण मारला. डावा कान तिथेच ठेवून आलो. उजवा हळूहळू गेला, व्हर्ना आजारी होती त्या दिवसांत. तिचं बोलणं शेवटी बारीक झालं होतं. सगळे म्हणायचे, व्हर्नाचा आवाज गेला. मलाही तेच वाटायचं. ती गेल्यावरही जगाचा आवाज बारीकच राहिला, तेव्हा समजलं की गेलं ते माझं.

सांगितलं का नाही? कारण ऐकू येत नाही म्हटलं की माणसं आधी मोठ्यानं बोलतात, मग थोडं बोलतात, मग विचारायचंच सोडतात. माझ्या बापाचं असं झालेलं मी पाहिलं. शेवटची सहा वर्षं तो भिंतीशी बसून होता, आणि घरात काय ठरलं ते त्याला जेवण बदललं की कळायचं. मला तसं बसायचं नव्हतं. समोर आलेल्याचं तोंड बघून मी निम्मं ओळखतो. उरलेल्या निम्म्याला हो म्हणतो. हो म्हणून म्हणून मी दोन लग्नांचं लाकूड फोडून देणं पत्करलंय.

डिझेलला मी काही शिकवलं नाही. पहिल्या महिन्यात चुलीवर किटली आटून जळत होती, तिनं येऊन माझी बाही ओढली. मी तिला मटणाचा तुकडा दिला. तिला वाटलं असेल, याला सांगितलं की मटण मिळतं. तेव्हापासून ती सगळं सांगते. दार, गाडी, साप, पोस्टाची व्हॅन. म्हणून मी तिला तासभरही सोडत नाही. तुझ्या नियमाचा राग नव्हता. तिच्याशिवाय त्या वाटेवर उतरायची मला भीती वाटते, आणि हे माझ्या भाचीच्या तोंडावर मला सांगता येईना.

किल्ल्या टाकल्यास ते बरं केलंस. लाज वाटून घेऊ नको.

मामा

*

मेसा वेर्दे
३ ऑगस्ट

मामा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी कामावर होते. जॉइसनं माझ्या जागी दुपारची फेरी नेली, आणि मी भांडारात खोक्यांमागे बसून रडले. आता बरं वाटतंय. कामाचं बोलू.

माणसाचा एखादा अवयव चालत नसेल आणि कुत्रं त्याच्यासाठी ते काम करत असेल, तर ते कुत्रं वाटेवर येऊ शकतं. त्याला कागद लागत नाही, शिक्का लागत नाही. कुत्रं कुणी शिकवलं ते कुणी विचारत नाही. मटणाच्या तुकड्यावर शिकलेलं चालतं का, हे मी आमच्या साहेबांना जाऊन विचारलं. ते हसले आणि चालतं म्हणाले. पट्टा हवा आणि तिनं शहाण्यासारखं वागायला हवं.

फक्त वाटेच्या तोंडाशी जो रेंजर असेल तो दोन प्रश्न विचारू शकतो. ही कुत्री तुझ्या अपंगत्वामुळे लागते का? आणि ती कोणतं काम करते? आजूबाजूला रांग असते. तुझ्या वतीनं मी उत्तर देऊ शकते, त्याला हरकत नाही. तुला नकोसं वाटत असेल तर आपण वरूनच बघू. तुझ्याशेजारी मी उभी राहीन, वरून खरंच छान दिसतं.

डार्लीन

*

सेकंड मेसा
१९ ऑगस्ट

पोरी,

एकाहत्तर वर्षांचा झालो, आजवर माझी उत्तरं कुणी दिली नाहीत. चुकीची असली तरी माझी मीच दिली.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी येतो, मका काढायच्या आधी. डिझेलला पट्टा घातला. तिनं तो पहिल्याच दिवशी चावला, दुसरा आणला.

मामा

*

मेसा वेर्दे
२३ सप्टेंबर

मामा,

शनिवारचा दिवस आपण दोघांनी पाहिला, पण ऐकला मी एकटीनंच. म्हणून तुझ्या वाट्याचं ऐकणं लिहून पाठवतेय.

वाटेच्या तोंडाशी जॉइस होती. तिनं ते दोन प्रश्न विचारले ते अगदी हळू, रांगेला ऐकू जाऊ नये म्हणून. तू तिच्या तोंडाकडे नीट बघून म्हणालास, "मला ऐकू येत नाही. हिला येतं. ती मला सांगते." रांगेत आपल्या मागे ओहायोचं म्हातारं जोडपं होतं. बाई नवऱ्याला म्हणाली, बघा, आणि तुमचं कानातलं यंत्र टेबलाच्या खणात पडलंय. म्हाताऱ्यानं कुरकुरत खिशात हात घातला. खणात नव्हतं, खिशातच होतं. त्यानं ते कानात घातलं आणि पुढचा अर्धा तास बायकोला, हे काय वाजतंय, ते काय वाजतंय, असं विचारत होता. बहुतेक वेळा पक्षीच होता.

उतारावर तू एक हात भिंतीला आणि एक डिझेलच्या पाठीवर ठेवून चालत होतास. मागून दोन तरुण पोरी घाईनं आल्या. डिझेल थांबली, तू थांबलास, पोरी पुढे गेल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, माझ्या आजोबांनाही असं कुणीतरी हवं.

कपारीत पोचल्यावर डिझेल थेट मागच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे गेली आणि अंगावरचे केस उभे करून हुंगत बसली, ते तू पाहिलंस. त्या कोपऱ्यात ते लोक टर्की पक्षी पाळायचे. मी लोकांना तसं सांगितलं तेव्हा ओहायोच्या बाईनं विचारलं, इतक्या वर्षांनी तिला वास येत असेल का? मला ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, तिला विचारा.

आता मुख्य. तू पिशवीतून त्यांना वाहायला चिमूटभर मक्याचं पीठ काढलंस, आमच्याकडे पाठ केलीस आणि त्या माणसांशी बोललास. मामा, तुला वाटलं असेल तू मनातल्या मनात, ओठांतल्या ओठांत बोलतोयस. तसं नव्हतं. तू शेताच्या या टोकावरून त्या टोकाला बोलावं तसा बोलत होतास, आणि ती कपार आवाज दुप्पट करून परत देते. आपल्या भाषेत बोललास म्हणून लोकांना कळलं नाही, पण वीस माणसं जागच्या जागी थांबली. मला सगळं कळलं. तू काय म्हणालास ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. मला ते कागदावर हवंय.

"मी मर्विन. आलो आहे. उशीर झाला, रस्ता लांब आहे. ही व्हर्नाची मुलगी. व्हर्ना आता तुमच्यातच असेल, तिला विचारा. ही पोर रोज इथे उभी राहून लोकांना सांगते की तुम्ही कुठे गेला नाहीत. ती तुमच्या भिंतींची धूळ काढते, लोकांनी टाकलेले कागद उचलते. आमच्याकडे मामानं रागवायचं असतं, ते काम मी नीट केलं. चांगलं म्हणायचं काम राहून गेलं. ती चांगली आहे. तिला इथे ऊन लागू देऊ नका. आणि ही कुत्री माझी आहे. हिला हाकलू नका."

जॉइसनं मला विचारलं, ते काय म्हणाले? मी म्हणाले, घरच्यांना ओळख करून दिली.

तू वळलास तेव्हा मी टोपी डोळ्यांवर ओढली होती. तू विचारलंस, "ऊन लागतंय का?" मी हो म्हणून मान हलवली. कपारीत ऊन नव्हतं.

डार्लीन

*

सेकंड मेसा
९ ऑक्टोबर

डार्लीन,

मका घरात आला. या वर्षी निळा चांगला झालाय, पांढरा बेताचा. मावशीच्या अंगणात सोलायला सगळे जमतात. आता मी दाराकडे तोंड करून बसतो. कुणी काही म्हणालं आणि समजलं नाही तर सरळ सांगतो, समोर ये आणि पुन्हा बोल. पहिल्या दिवशी सगळे गप्प झाले. दुसऱ्या दिवशी एकेक समोर येऊन बोलायला लागले, आणि आता तर थांबतच नाहीत. दोन वर्षांत गावात काय काय झालं ते सगळं मला एकदमच कळलं. निम्मं नसतं कळलं तरी चाललं असतं.

पुढच्या सोमवारी दवाखान्यात कान तपासायला बोलावलंय. यंत्र मिळालं तरी डिझेलचं काम सुटणार नाही, हे मी तिला सांगून ठेवलंय.

तुझं पत्र मावशीला वाचून दाखवलं. ते कपारीतलं बोलणं आलं तिथे थांबलो, ते तिला तिचं तिनं वाचायला दिलं.

आता त्याबद्दल. बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतोय ते कळत नाही, असं तुला वाटतं. बहुतेक वेळा खरंच कळत नाही. त्या दिवशी कळलं होतं. पहिल्याच वाक्याला तो खिशातल्या यंत्राचा म्हातारा कानावर हात ठेवून मागे सरला. तेव्हाच समजलो. आवाज खाली आणता आला असता.

त्या माणसांना सांगायला मला साडेचार तास ट्रक चालवायची गरज नव्हती. ती शेतातही ऐकतात, मी रोज त्यांच्याशी बोलतो. ऐकवायचं तुला होतं. तुझ्या तोंडाकडे बघत ते मला बोलता आलं नसतं, म्हणून पाठ करून बोललो.

मामा